रात्रीची काकवी

डॉक्टर ऋजुता खराडे यांचं पत्र मला दिवाळीच्या आधी आलं, आणि होळी होऊन गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रं तशीच ठेवून देणारा माणूस मी नाही. लग्नपत्रिका आली तरी मी पोस्टकार्ड टाकतो, आणि मग आपण त्यात काही वावगं तर लिहिलं नाही ना, म्हणून पुढचे चार दिवस झुरत बसतो. हे पत्र मात्र मी कपाटातल्या शब्दकोशाखाली सरकवून ठेवलं होतं.

पत्र सभ्य होतं. बाई दातांच्या डॉक्टर आहेत. निगवड्याच्या आमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांचे दात लहान वयातच किडतात, म्हणून त्यांच्या नव्या दाढांवर जंतुनाशक लेप लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आहे. 'पण इथे रात्री झोपताना मुलांना काकवी द्यायची प्रथा अजून चालू आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'ती दुपारी द्या म्हटलं, तर विश्वस्त म्हणतात, आप्पासाहेबांनी घालून दिलेली प्रथा आहे, तिला हात लावायचा नाही. तीस वर्षांपूर्वी असंच लेपाचं काम सुरू होऊन मध्येच बंद पडलं म्हणे. का, ते कुणी सांगत नाही. तुम्ही तेव्हा वसतिगृहाचे अधीक्षक होता. आप्पासाहेब माझे आजोबा. त्यांचं खरं म्हणणं काय होतं, ते एका पानात लिहून द्याल का? मी ते विश्वस्तांपुढे ठेवीन. आजोबा मुलांच्या वाईटावर असतील असं मला वाटत नाही.'

आप्पासाहेबांचं खरं म्हणणं मला माहीत होतं. बहुधा मला एकट्यालाच.

"आ कर. आणखी मोठा. अगं, गावच्या बाजारात ओरडतेस तेवढा तरी कर."

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टर मृणाल हेरवाडकर माझ्या ग्रंथालयातल्या लांब टेबलावर वाकून उभ्या होत्या आणि टेबलावर, वर्तमानपत्रांच्या जागी, आठवीतली बकुळा पोवार उताणी पडली होती. डॉक्टर शहरातल्या दंतमहाविद्यालयात शिकवायच्या आणि दर तीन महिन्यांनी निगवड्याला यायच्या. दात तपासायची खुर्ची आणणं परवडत नव्हतं. शाळेत खिडकीजवळ उजेड आणि कमरेएवढं टेबल फक्त ग्रंथालयातच होतं. मी ग्रंथपाल. वसतिगृहाचा अधीक्षकही मीच, कारण तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं आणि मला नाही म्हणता येत नसे.

"सर, ह्ये औषध कडू हाय," बकुळा तोंड मिटत म्हणाली.

"बोलू नकोस, दाढ ओली होते," डॉक्टर म्हणाल्या. "लाटकर सर, बॅटरी इकडे धरा. माझ्या डोळ्यांत नको, हिच्या तोंडात."

मी बॅटरी वळवली. दाढ कापसानं कोरडी करून डॉक्टर तिच्यावर बारीक ब्रशानं लेप फिरवत होत्या. नख रंगवावं तसं.

"बाराव्या वर्षी आलेली दाढ कच्ची असते," त्या मला सांगत होत्या. "वरचं कवच पक्कं व्हायला दोन-तीन वर्षं जातात. किडीचे जंतू तेवढ्यात तिला गाठतात. हा लेप जंतूंना मागे रेटतो, दाढेला पक्कं व्हायला वेळ मिळवून देतो. एवढंच. जादू नाही ही. बाकीचं तुम्ही करायचं."

"आम्ही म्हणजे?"

"झोपताना गोड नको. रात्री तोंडात लाळ कमी असते. त्यात गोड राहिलं, की मी इथे दिवसभर वाकून केलेलं सगळं पाण्यात. रात्री शेवटचं काय खातात ही मुलं?"

मी बॅटरी खाली केली. टेबलावरून बकुळा म्हणाली, "काकवी."

निगवड्यात निम्म्याच्या वर शिवार उसाचं, आणि सगळ्यांत मोठं गुऱ्हाळ आप्पासाहेब खराड्यांचं. शाळा त्यांची, वसतिगृह त्यांचं. त्यांच्या आई रोज रात्री गुऱ्हाळावर आलेल्या मजुरांच्या पोरांना गुळाआधीची गरम काकवी वाटायच्या. त्या गेल्यावर आप्पासाहेबांनी तोच नेम वसतिगृहात लावून दिला. संध्याकाळची प्रार्थना, जेवण, अभ्यास, आणि मग झोपायच्या आधी ओळीनं उभं राहून प्रत्येकानं ओंजळ पुढे करायची. पळीभर काकवी. 'आईसाहेबांच्या नावानं' म्हणायचं, चाटायची आणि अंथरुणावर जायचं. त्यानंतर चूळ भरायची नाही. प्रसाद थुंकल्यासारखं होतं, असं आप्पासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोरं इमानदारीनं पाळायची. गोड तोंडानं झोपायची आणि सकाळी उठायची.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "काकवी वाईट नाही. दुपारी भाकरीबरोबर द्या, वर पाणी प्यायला लावा. रात्री नको. सांगाल त्यांना?"

मी सांगितलं नाही, लिहिलं. तोंडानं बोलताना माझं वाक्य अर्ध्यात तुटतं. कागदावर निदान पूर्ण होतं. आप्पासाहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बघू."

तीन महिन्यांनी डॉक्टर परत आल्या तेव्हा लेपाबरोबर त्यांनी मुलांना गुळण्यांचं औषध दिलं. दोन आठवडे रोज करायच्या. "या दिवसांत चहा पिऊ नका," त्यांनी बजावलं. "दातांवर तपकिरी डाग धरतात. काळजीचं काही नाही, मी पुढच्या खेपेला पुसून देईन. पण धरतात."

सकाळी चहा पिऊ नका, हे कोल्हापूरकडच्या पोरांना सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं. वसतिगृहात चहा मीच बंद केला. पण मुलींच्या बाजूच्या मावशींना पोरींची दया आली आणि त्या चुलीमागे कपबशा भरत राहिल्या. महिन्याभरात आठवी-नववीच्या मुलींचे पुढचे दात तपकिरी झाले.

आणि शनिवारच्या बाजारात बोभाटा झाला, की वसतिगृहातल्या पोरी मशेरी लावतात.

बकुळाचे वडील धोंडिराम पोवार सोमवारी सकाळीच आले. पाठोपाठ आणखी दहा-बारा आईबाप. सगळे ग्रंथालयात शिरले, कारण दात रंगवायचं काम इथे चालतं हे त्यांना ठाऊक होतं. धोंडिराम बकुळाची हनुवटी धरून मला तिचे दात दाखवत होते.

"सर, हे बघा. माझी म्हातारी आई मशेरी लावती, तिचं दात असं हाईत. पोरगी तेरा वर्षाची हाय माझी. उद्या पावणं बघायला आलं तर काय सांगू? शाळेतनं काळं करून आणलंय म्हणून?"

"मी न्हाई लावत मशेरी," बकुळा म्हणाली. तिचा आवाज रडका नव्हता, चिडका होता.

"तू गप."

मी शाळेच्या फोनवरून डॉक्टरांना निरोप दिला. त्या दुपारच्या एसटीनं आल्या, हातात पेटी. त्यांच्याआधी आप्पासाहेबांची जीप दारात लागली होती. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढरे दात. ते टेबलाच्या टोकाशी बसले आणि म्हणाले, "बाई, आमच्या पोरींची तोंडं काळी केलीत तुम्ही."

डॉक्टर बकुळाला म्हणाल्या, "झोप." पेटीतून रबराची छोटी वाटी लावलेलं हातयंत्र आणि कसलीशी पांढरी खळ काढली आणि सगळ्यांच्या देखत बकुळाचे पुढचे दात घासले. पाच मिनिटांत दात स्वच्छ. त्यांनी बकुळाला उठवून आरसा दिला. मग आरसा धोंडिरामांना दिला, जणू त्यांनाही त्यात काही दिसणार होतं.

"डाग औषधाचा आणि चहाचा होता," त्या म्हणाल्या. "दातांच्या वर बसतो, आत जात नाही. आज सगळ्यांचे काढून देते. आता मागची दाढ बघा. हिला चार महिन्यांपूर्वी पहिला लेप लावला होता. अजून शाबूत आहे. शेजारची, सहाव्या वर्षी आलेली, आधीच पोखरलेली. तिला कुणी लेप लावला नव्हता."

बायका एकेक करून वाकून बकुळाच्या तोंडात बघू लागल्या. एकजण म्हणाली, "खरंच की गं, भोक पडलंय." दुसरी म्हणाली, "आमच्या संज्याचं पण असंच हाय, म्हणून रडतंय काय मेलं?" हवा फिरत होती. मला बरं वाटलं. मला वाटलं, आता मला काही बोलावं लागणार नाही.

"म्हणून विनंती एवढीच आहे," डॉक्टर म्हणाल्या, "काकवी दुपारी द्या आणि वर चूळ भरू द्या."

आप्पासाहेब हसले. "डाग गेले, झकास झालं. तुमचं औषध चांगलं असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण माझ्या आईच्या प्रसादाला नावं ठेवून ते लावायचं असंल तर आम्हांला नको. एक तर प्रसाद, न्हाईतर औषध."

"मी दोन्हींतून निवडायला सांगितलं नाही. वेळ बदला म्हणते."

"वेळ आईनं ठरवलीय."

"आईंना हे माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे."

"माझ्या आईनं ह्या काकवीवर गावाची पोरं वाढवली, बाई. काय झालं त्यांना? धोंडिराम, तू खाल्लीस का न्हाई?"

"खाल्ली की," धोंडिराम म्हणाले.

"मग?"

धोंडिरामांच्या पुढच्या वरच्या ओळीत दोन दात नव्हते. ते मला दिसत होतं, डॉक्टरांना दिसत होतं, तिथं बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे माना डोलवत होते. मी मुद्दे कागदावर लिहून आणले होते. लाळ, जंतू, कवच, सगळं क्रमानं. कागद सदऱ्याच्या खिशात होता. हात खिशापर्यंत गेलाच नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो,

"आप्पासाहेब, तुमची कवळी काढून टेबलावर ठेवा."

एवढी शांतता ग्रंथालयात मी कधी पाहिली नव्हती, आणि वर्षानुवर्षं मी 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसत होतो. आप्पासाहेबांची बत्तिशी नकली आहे हे गावात लहान पोरालाही माहीत होतं. त्यांच्या तोंडावर ते कुणी बोललं नव्हतं.

आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग अंगठा आणि बोट तोंडात घातलं, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही टेबलावर, डॉक्टरांच्या रुमालावर, नीट मांडून ठेवली. त्यांचा चेहरा आत कोसळला.

"बोला शर," ते म्हणाले. "आता काय करू? पोरांना वाटू?"

आधी एकजण फिस्सकन हसला. मग धोंडिराम. मग बायका पदर तोंडाला लावून. मग सगळं ग्रंथालय. आप्पासाहेब स्वतः पोट धरून, बोळक्या तोंडानं हसत होते. त्यांच्याएवढा मोकळा, दिलदार माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. मी उभा होतो. आयुष्यात एकदा धारदार बोललो, आणि त्या माणसानं ते शब्द माझ्या हातातून काढून घेऊन त्यांचा खेळ केला.

हसू ओसरल्यावर त्यांनी कवळी बसवली, ओठ पुसले. आवाज पुन्हा भरदार झाला.

"लाटकर सर वाचणारा माणूस. त्यांचा राग नाही मला. पण गावानं ठरवावं. आईसाहेबांचं नाव ज्यांना पुसायचंय, त्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. डॉक्टरांनी केला. आणि बकुळानं केला. धोंडिरामांनी तिचा दंड धरून हात खाली ओढला.

"झालं तर मग," आप्पासाहेब म्हणाले. "बाई, आलात, पोरींचे दात पुसून दिलेत, उपकार झाले. आता पुन्हा त्रास घेऊ नका."

डॉक्टरांनी उरलेल्या मुलींचे डाग काढले. मग पेटी आवरून एसटीसाठी निघाल्या. मी फाटकापर्यंत गेलो. "तुम्ही बोललात, ते ठीक होतं," त्या म्हणाल्या. मला ते खरं वाटलं नाही. अजूनही नक्की सांगता येत नाही.

परत वळलो तर आप्पासाहेब जीपमध्ये बसून माझी वाट बघत होते. ड्रायव्हरला त्यांनी पान आणायला पाठवलं होतं.

"बसा सर."

मी बसलो.

"रागावलो न्हाई. उलट बरं वाटलं. मला वाटायचं, ह्या माणसाला जीभच न्हाई." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बाई खरं बोलतात. हुशार बाई आहे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकतंय.

"आमच्या ऋजूला मागच्या महिन्यात त्यांच्याच दवाखान्यात नेलं होतं मी. पोराची पोरगी, शहरात असते. लेप लावून घेतला चारी दाढांना. बाईंनी तिथंही हेच सांगितलं, रात्री गोड नको. सुनेनं त्याच दिवशी घरातला गुळाचा डबा वर ठेवला. पोरीची जात, दात चांगले राहिले पाहिजेत."

"मग इथं?" मी विचारलं.

"इथं काय?"

"इथल्या पोरांना तुम्ही रात्रीची काकवी देताय. माहीत असून."

"सर, उद्या मी वेळ बदलली, तर पोरं विचारतील आधी का दिली. त्यांचे बाप विचारतील. आईच्या नावाला डाग लागतो. तो बाईच्या रबरानं पुसून जाणार आहे का?" त्यांनी जीपबाहेर बघितलं. धोंडिराम बकुळाला घेऊन रस्त्यानं चालले होते. "आणि ह्यांचं काय घेऊन बसलात? एखादी दाढ गेली तर गेली. ह्यांना काय फोटो काढायचेत? बाजारात पाच रुपयांत उपटून देतात. चालतंय की."

ते हे रागानं म्हणाले नाहीत. आपल्या माणसाशी घरचं बोलावं तसं म्हणाले. मला वाटलं, मी त्यांचा गळा धरीन. मी जीपमधून उतरलो. "बकुळाची दाढही दाढच आहे," एवढंच म्हणालो, आणि तेही बहुधा त्यांना ऐकू गेलं नाही. ड्रायव्हर पान घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी मी अधीक्षकपद सोडलं. ग्रंथपालाची नोकरी राहिली. रात्रीची पळी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेली.

पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, बकुळा मधल्या सुट्टीत ग्रंथालयात आली. गालाला टॉवेल बांधलेला, एक डोळा सुजून बारीक झालेला. पुस्तक नको होतं तिला. ती त्या टेबलाशी बसली.

"कोणती?" मी विचारलं.

तिनं बोट लावून दाखवलं. नवी. डॉक्टरांनी रंगवलेली.

"दादानं बाजारात नेलंतं," ती म्हणाली. ती वडलांना दादा म्हणायची. "तिथल्या दात काढणाऱ्यानं पकडीनं वडली. अर्धी आतच ऱ्हायली." मग थोडं थांबून म्हणाली, "पक्की व्हायच्या आधीच गेली की हो सर."

मी तिला वाचायला काहीतरी दिलं. काय दिलं आठवत नाही. तिनं ते उघडलंही नाही.

आता कळेल, डॉक्टर ऋजुतांचं पत्र मी का दडवून ठेवलं होतं. त्यांनी आजोबांचं म्हणणं मागितलं होतं आणि ते मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. पण ते त्यांच्या नातीला लिहायचं? माणूस जाऊन वीस वर्षं झाली. त्याच्या बाजूनं बोलायला तो नाही. साक्षीदार मी एकटा, आणि मला त्या माणसाचा राग आहे हे मी लपवू शकत नाही. हे सत्य सांगणं आहे, का भर सभेत झालेल्या फजितीची परतफेड? मी कितीदा पहिलं वाक्य लिहिलं आणि खोडलं.

होळीनंतर त्यांचा फोन आला.

"लाटकर सर, मी ऋजुता. त्रास देते. विश्वस्तांनी लेपाला मान्यता दिली आहे, पण काकवी रात्रीचीच राहणार म्हणतात. पाडव्यानंतर बैठक आहे. तुम्ही चार ओळी दिल्यात तर..."

"मी... बघतो," मी म्हणालो.

"मला माहितीये, जुनं सगळं आठवणं कठीण असतं. पण खरं सांगू? आजोबांना दातांची फार कळकळ होती. मला ते स्वतः घेऊन गेले होते लेप लावायला. माझ्या चारी दाढा आजही एकदम शाबूत आहेत. मुलं मला हसतात, आई, तुझ्या एक्स-रेत बघण्यासारखं काहीच नाही म्हणून. तेच मी विश्वस्तांना सांगते, की ज्यांनी नातीसाठी एवढं केलं ते या मुलांसाठी नाही कसे म्हणतील? त्यांना कुणी नीट समजावून सांगितलंच नसणार."

मी फोन ठेवला आणि शब्दकोशाखालचं पत्र बाहेर काढलं.

मी बसलो आणि लिहिलं. या वेळी खोडलं नाही.

'त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. त्यांना ते समजलंही होतं. तुमच्या दाढांना लेप लागला आणि तुमच्या घरातला गुळाचा डबा वर गेला, त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यांनी इथलं काम बंद केलं. कारण त्यांनी मला स्वतः सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत खाली देतो. त्या वेळी जीपमध्ये आम्ही दोघेच होतो. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तुम्ही तेव्हा बारा वर्षांच्या होता. गुळाचा डबा कधी वर गेला ते तुमच्या आईंना विचारा. मग निगवड्याला जाऊन बकुळा पोवार नावाच्या बाईला भेटा आणि तिला तोंड उघडायला सांगा. हे विश्वस्तांपुढे वाचायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. वाचणार असाल, तर माझं नाव घालून वाचा.'

खाली जीपमधलं बोलणं लिहिलं, जसंच्या तसं. 'चालतंय की' सुद्धा.

पोस्टात खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. पाकीट उलटसुलट करून तिनं विचारलं, "साधं पाठवायचं का आजोबा?"

"नाही," मी म्हटलं. "रजिस्टर करा. पोचल्याची सही हवी मला."